चमन नालबंदाची माणसं

चमनचा बाप कुठल्याही घोड्याच्या पायावर हात ठेवायचा आणि डोळे मिटून सांगायचा, याला परवा खडा लागलाय. तरीही संस्थानच्या पागेतल्या नालबंदाची जागा त्याला मिळाली नाही, मिळाली ती दुसऱ्याच कुणाला तरी. बाप शेवटपर्यंत एकच रडगाणं गात राहिला, ‘‘माझ्याकडं हात हुता, चमन. पाठीशी माणूस न्हवता. माझ्यासाठी तोंड उघडणारं एक माणूस न्हवतं बघ त्या कचेरीत.’’ आणि असं म्हणत म्हणतच तो गेला. पोरानं बापाकडून हातातली कला घेतली ती घेतलीच, वर हे वाक्यही घेतलं. कलेपेक्षा हे वाक्यच त्याच्या डोक्यात जास्त घट्ट बसलं, आणि तिथंच सगळा घोळ झाला.

गोष्ट शाहू महाराजांच्या कारकिर्दीतली. नुकत्याच मोटारी दिसायला लागल्या होत्या. कोल्हापुरात गंगावेशीत एखादी मोटार आली की टांग्याची घोडी बुजायची आणि लोक टाळ्या पिटायचे. चमनला मात्र टाळी वाजवावीशी वाटत नव्हती. मोटारीला खूर कुठले? अशात पागेतला जुना नालबंद डोळ्यांनी अधू झाला आणि जागा रिकामी पडली. पागेवर जे मुख्य होते, त्यांना सगळे रावसाहेब म्हणायचे. त्यांनी सरळ सांगून टाकलं, ‘‘उमेदवारांकडून एकेका घोडीला नाल ठोकवून बघतो आणि त्यातला एक माणूस घेतो. यापुढं नालबंद घ्यायचा प्रश्न येईल असं वाटत नाही.’’ म्हणजे ही शेवटची जागा. चमनला तीन रात्री झोप लागली नाही. त्याची बायको मेहमुदा पोटुशी होती, सातवा महिना चालू होता. तिच्याकडं बघितलं की त्याला वाटायचं, ही जागा गेली तर आपण संपलो.

मग त्यानं ठरवलं, बापासारखं एकटं मरायचं नाही. माणसं जमवायची.

पहिला माणूस जोतीराम दफेदार. घोडदळातून निवृत्त झालेला, पांढऱ्या मिशांचा, अंगावर अजून जुना खाकी कोट. दुसरे आण्णा, कचेरीतले कारकून. चमनचा जागेसाठीचा अर्ज त्यांनीच लिहून दिला होता. कुठला अर्ज कुठल्या टेबलावर अडतो ते त्यांना झोपेतही सांगता यायचं. तिसरी शालूबाई. रावसाहेबांच्या घरी स्वयंपाकाला होती, त्यामुळं साहेबांचं पोट बरं आहे की नाही इथपासून सगळी खबर तिच्याकडं. हे तिघं सांजच्याला चमनच्या छपरीत बसायचे. चमन त्यांच्यासाठी बाजेवर घोंगडं अंथरायचा. मेहमुदा आतून पानाचं तबक पाठवायची. आणि चमन हात जोडून ऐकायचा. आता बघा पावणं, ज्या माणसाच्या बोटांना खुरातला ताप कळतो, त्यानं हात जोडून बसावं म्हणजे काय! पण त्याला तेव्हा तेच शहाणपण वाटत होतं.

‘‘हे बघ,’’ दफेदार म्हणाला, ‘‘एकदा हातोडी उचलली की थांबायचं न्हाय. मधेच थांबलास की साहेब म्हणणार, नवशिका हाय. मी अशी किती पोरं बघितली. थांबली की गेली.’’

‘‘व्हय मामा.’’

आण्णांनी पान दाढेखाली सरकवलं. ‘‘आणि काही चुकलंच, तर कबूल करायचं नाही. तोंडून चूक निघाली की ती कागदावर जाते. कागदावर गेली की जन्मभर निघत नाही. विचारलं तर नाही म्हणायचं. एवढंच.’’

‘‘बरं आण्णा.’’

‘‘आन् बडबड करू नगंस रं बाबा,’’ शालूबाई म्हणाली. ‘‘रावसाहेबांस्नी बडबड्या मानूस अजिबात खपत न्हाय. कुनाला काय इचारायचं न्हाय. त्या मोतद्दारांशी तर बोलूच नगंस. मिरजेचा नालबंद बी आलाय जागेसाठी. त्यानं मोतद्दार फितवलं असत्याल तर?’’

मोतद्दार म्हणजे घोडी राखणारे. चमननं हेही मनात पक्कं करून ठेवलं. थांबायचं नाही, कबूल करायचं नाही, बोलायचं नाही. रात्रंदिवस हेच घोळवत राहिला.

दारामागून मेहमुदा म्हणाली, ‘‘अवो, घोडीची खबर कुनाला तरी इचारली का? तुमच्या वाट्याची घोडी नवीन हाय म्हनं.’’

‘‘तू गप ग,’’ चमन म्हणाला. ‘‘तुला काय समजतंय त्यातलं?’’

मेहमुदा कुरुंदवाडच्या पलीकडची, कानडी मुलखाच्या शिवेवरच्या गावातली. लग्न होऊन कोल्हापुरात आली तेव्हा तिच्या बोलण्यात दर चार शब्दांमागं एक कानडी यायचा. शेजारणी हसायच्या. चमननंच तिला सांगितलं, ‘‘ही बोली हितं नको. लोक आपली टर उडवत्यात.’’ तेव्हापासून ती कानडी बोलली नाही. फक्त एकटीच भाकऱ्या थापताना कधीतरी ओठ हलायचे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी एक अनोळखी माणूस छपरीत आला. काळासावळा, डोक्याला पांढरं फडकं, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. रावसाहेबांनी दक्षिणेकडून ‘मैना’ नावाची एक घोडी घेतली होती. हा तिच्याबरोबरच आलेला मोतद्दार, शिवपुत्र. कोल्हापुरात येऊन त्याला पंधरा दिवसही झाले नव्हते. मराठी म्हणाल तर चारपाच शब्द. आणि हीच मैना उद्या चमनच्या वाट्याला यायची होती. चिठ्ठ्या टाकून घोड्या वाटल्या, तेव्हा शालूबाईनं ती बातमी पळत आणली होती.

शिवपुत्राच्या हातात एक जुना नाल होता. तो चमनपुढं धरून तो म्हणाला, ‘‘काल… काल…’’ आणि आपल्या डाव्या मांडीवर थापटी मारली. परत नाल दाखवला. ‘‘काल!’’

‘‘काल काय?’’ दफेदार खेकसला. ‘‘काल गेला की रं! काल कुणाला पाहिजेल? आजचं बोल!’’

शिवपुत्र गडबडला. त्यानं नाल चमनच्या हातात कोंबायला बघितला. चमननं हात पुढं केलाच होता, पण तेवढ्यात आण्णांचा डोळा त्याच्यावर पडला. आण्णांनी हळूच मान हलवली. बोलायचं नाही. चमननं हात मागं घेतला.

‘‘ह्यो हेर असंल,’’ दफेदार कुजबुजला. ‘‘घालीव बाहेर.’’

‘‘पावणं, जावा तुम्ही,’’ चमन म्हणाला. ‘‘उद्या बघू.’’

शिवपुत्रानं थोडा वेळ सगळ्यांची तोंडं बघितली. मग तो नाल ऐरणीवर ठेवून निघून गेला. चमननं त्याकडं नीट बघितलंसुद्धा नाही. त्या नालाची डावी कड झिजून पार पातळ झाली होती आणि उजवी नव्यासारखी होती. बापानं तो नाल हातात घेतला असता तर घोडीची सगळी कुंडली मांडली असती. पण चमनला बापाचं फक्त ते एक वाक्य आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पागेच्या मोकळ्या अंगणात तीन घोड्या, तीन नालबंद. एक मिरजेचा, एक म्हातारा कागलकडचा, आणि चमन. रावसाहेब खुर्चीत. दूर भिंतीकडंला दफेदार छाती काढून उभा होता. आण्णाही कचेरीतून मुद्दाम आले होते. चमननं त्यांच्याकडं बघितलं आणि त्याला धीर आला. आपल्याला माणसं आहेत. बापाला नव्हती.

मैना सुंदर होती, नजर लागावी अशी. शिवपुत्र तिचा लगाम धरून उभा. चमननं तीन पाय झटझट केले. खूर तासला, नाल बसवला, खिळे ठोकले, कानस फिरवली. हात असा चालला होता की मिरजवाल्यानंही एकदा मान वळवून बघितलं. राहिला शेवटचा, डावा पुढचा पाय.

त्यानं तो पाय उचलून मांडीवर घेतला आणि सवयीनं खुराला तळवा लावला.

खूर गरम होता.

पावणं, त्या क्षणाला चमनच्या बोटांनी त्याला अगदी स्वच्छ सांगितलं. आत काहीतरी ठणकतंय. खडा लागलाय, किंवा आत साचलंय. आज हा पाय बांधायचा नाही, भिजवून ठेवायचा. बाप असता तर त्यानं तिथंच हातोडी खाली ठेवली असती. चमनची हातोडीसुद्धा थांबली. पण लगेच डोक्यात आवाज आला: थांबलास की गेलास. मान वर केली तर भिंतीकडंला दफेदार डोळे वटारून होता.

तेवढ्यात शिवपुत्र वाकला. चमनच्या खांद्याला त्यानं हात लावला आणि घाईघाईनं म्हणाला, ‘‘ब्याड्री, ब्याड… नाळे, नाळे!’’

आता चमनच्या घरची बोली अशी, की तिच्यात ‘ळ’ नाहीच. त्यांच्या घरात काळा म्हणजे काला, आणि डोळा म्हणजे डोला. बापापासून चालत आलेलं. कानाला जे वळण पडलं ते पडलं. शिवपुत्र काय म्हणाला त्यातला पहिला शब्द कळला नाही, पण ‘नाळे’ मात्र त्याच्या कानात शिरताना ‘नाल’ होऊनच शिरला. नाल, नाल! आणि बोट खुराकडं. चमनला वाटलं, ह्यो येडा मला घाई करतोय. मला नाल ठोकायला शिकवतोय! सगळ्यांदेखत!

‘‘ठोकतोय की!’’ तो दातओठ खात म्हणाला. ‘‘दिसत न्हाय व्हय?’’

‘‘नाळे!’’ शिवपुत्राचा आवाज रडवेला झाला. त्यानं खुरावर आपला पंजाच ठेवला.

चमननं तो पंजा बाजूला सारला. नाल बसवला. पहिला खिळा. घोडी शहारली. दुसरा खिळा. तिच्या नाकपुड्या फुलल्या आणि डोळ्यांतलं पांढरं दिसलं. तिसऱ्याला तिनं पाय असा हिसडला की चमन मागं कोलमडला. पण थांबायचं नाही! त्यानं परत पाय पकडला आणि उरलेले खिळे ठोकले. शिवपुत्र घोडीच्या मानेला बिलगून काहीतरी पुटपुटत होता.

‘‘दुडकी चालवा,’’ रावसाहेब म्हणाले.

मिरजवाल्याची घोडी नीट गेली. कागलवाल्याची गेली. मैना चार पावलं गेली आणि डावा पाय टेकला की मान खाली टाकायला लागली. दहाव्या पावलाला ती उभीच राहिली. पाय वर धरून. रावसाहेब खुर्चीतून उठून चमनपाशी आले.

‘‘खूर गरम नव्हता का?’’

एकच प्रश्न. चमनच्या कानात आण्णांचा आवाज घुमला. कबूल करायचं नाही.

‘‘न्हाय, सरकार,’’ तो म्हणाला.

रावसाहेबांनी त्याच्याकडं असं बघितलं की त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मग ते वळले आणि मिरजवाल्याला आत बोलावून घेतलं.

चमन तिथनं निघाला तो पहिला दफेदाराकडं. दफेदार भिंतीजवळ नव्हता. घरी गेला तर सुनेनं सांगितलं, मामंजी झोपल्यात. भरदुपारी बारा वाजता! मग आण्णांकडं. आण्णा कचेरीच्या पायरीवर भेटले, पण त्यांची नजर चमनच्या डोक्यावरनं पलीकडं. ‘‘हे बघ, तो अर्ज मी लिहिला होता, हे कुठं बोलू नकोस,’’ एवढंच म्हणाले आणि आत गेले. शालूबाई रावसाहेबांच्या मागल्या दारी भांडी घासत होती. ती मात्र रडली. ‘‘माझं काय चुकलं रं बाबा? मी तुझ्या भल्याचंच सांगितलं की,’’ असं म्हणत राहिली. तिचं काय चुकलं होतं, ते त्यालाही सांगता येईना.

मग तो रंकाळा तलावाच्या काठावर जाऊन बसला. मनात नको नको ते येत होतं. बापाकडं माणूस नव्हता म्हणून जागा गेली. आपल्याकडं तीन माणसं होती तरी गेली. मग आता काय जमवायचं? कुणाचे पाय धरायचे? मिरजवाल्याचं वय तिशीच्या आत. तो म्हातारा होईतो शहरात घोडी राहतील का? पोटातलं पोर बाहेर येऊन काय बघणार, गंजलेली ऐरण? पाण्यात पाय घालावा आणि मग पुढं पुढं जात राहावं, असंही एकदा वाटलं. तो उठलाच होता. पण मेहमुदा जेवायची थांबली असेल, एवढं आठवलं आणि तो घराकडं वळला.

दुपार उतरत आली होती. मेहमुदानं ताट वाढलं. चमननं ताट लोटलं आणि मग त्याचा बांध फुटला. दफेदाराला, आण्णांना, मिरजवाल्याला, मोटारीला, सगळ्यांना त्यानं शिव्या घातल्या. आणि शेवटी शिवपुत्रावर आला.

‘‘त्यो कानडी! त्यानं घालवली माझी जागा! मी थांबत हुतो, अल्लाकसम थांबत हुतो. आन् ह्यो कानात वराडतोय, नाले, नाले! ठोक म्हणतोय, ठोक!’’

मेहमुदाचा हात थांबला. ‘‘काय म्हणाला?’’

‘‘नाले.’’

‘‘नाले का नाळे?’’

‘‘तेच की! नाल ठोक म्हणत हुता!’’

मेहमुदानं ओठ घट्ट मिटले. मग खाली बघून हळूच म्हणाली, ‘‘अवो, नाळे म्हंजे उद्या.’’

‘‘उद्या?’’ चमन म्हणाला.

‘‘उद्या,’’ ती परत म्हणाली. ‘‘ब्याड म्हणाला का? ब्याड म्हंजे नको. आज नको, उद्या. त्यो तुम्हाला थांबा म्हणत हुता.’’

बसल्या जागी तो भिंतीला टेकला. ‘‘आन् काल?’’ त्यानं विचारलं. ‘‘काल म्हणत हुता आदल्या दिशी. काल, काल.’’

‘‘काल म्हंजे पाय,’’ मेहमुदा म्हणाली. ती छपरीत गेली आणि ऐरणीवरचा तो जुना नाल घेऊन आली. तिनं तो त्याच्या मांडीवर ठेवला. ‘‘हे बघा. मला तुमच्यासारखं कळत न्हाय. पण ही एकच कड झिजलीय.’’

चमननं नाल हातात घेतला. बोट फिरवलं. घोडी कितीतरी दिवस तो पाय दुखतोय म्हणून वाकडा टाकत होती, ते त्या कडेवर लिहिल्यासारखं होतं. आणि मग पोरासारखा हुंदके देऊन रडला. ‘‘मी तुला बोलूच दिलं न्हाय,’’ तो म्हणाला. ‘‘मीच तुझी बोली बंद केली, मेहमुदा. मीच!’’ तिच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण रागही होता आणि तो राग तिनं लपवला नाही.

थोड्या वेळानं ती उठली. डोक्यावरनं पदर घट्ट घेतला. ‘‘चला.’’

‘‘कुठं?’’

‘‘पागेत. त्या घोडीच्या पायात खिळे हायत न्हवं अजून? का रातभर तशीच ठेवायची तिला?’’

‘‘तू ह्या पोटानं? आन् बायकामाणसानं पागेत?’’

‘‘तुम्हाला कानडी येत न्हाय,’’ ती म्हणाली. ‘‘म्या येतो.’’

पागेच्या मागल्या फाटकाशी शिवपुत्र घोडीपाशीच बसला होता. दोघांना बघून तो उठला आणि चमनकडं अशा नजरेनं बघायला लागला, की चमनला जमिनीत जावंसं वाटलं. मेहमुदा पुढं झाली आणि कानडीत बोलायला लागली. आधी अडखळत, मग भरभर, मग अशी की शिवपुत्राच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू सुटत गेला. किती दिवसांनी त्याच्याशी कुणी त्याच्या बोलीत बोललं होतं. त्यानं घोडीचा पाय उचलून चमनपुढं धरला.

चमननं एकेक खिळा काढला. नाल उतरवला. सुरीनं खुराच्या तळव्याचा काळवंडलेला भाग अगदी हलक्या हातानं तासला. आतून काळं पाणी आलं, घाण वास सुटला. मैनानं एक लांब सुस्कारा टाकला आणि मान खाली घातली. शिवपुत्रानं कढत पाणी आणलं. कोंड्याचं पोटीस बांधलं.

मागं पावलं वाजली. रावसाहेब होते. दिवे लागायच्या आधी ते घोडी बघायला आले होते. चमन उभा राहिला. मांडीवर काळं पाणी उडालेलं, हातात सुरी. आण्णांनी काय सांगितलं होतं ते त्याला आठवलं, आणि पहिल्यांदाच त्या आठवणीचा त्याला राग आला.

‘‘खूर गरम हुता, सरकार,’’ तो म्हणाला. ‘‘मला समजलं हुतं. मी खोटं बोललो.’’

रावसाहेबांनी वाकून बांधलेला पाय बघितला. ‘‘सकाळी बोलला असतास…’’ ते म्हणाले आणि मध्येच थांबले. ‘‘मिरजवाल्याचा हुकूम निघाला. मी सही केली आहे.’’

‘‘व्हय, सरकार.’’

रावसाहेब गेले. संपलं. चमनला वाटलं होतं की खरं बोलल्यावर छातीवरचा दगड उतरेल, पण तो होता तिथंच राहिला. जागा गेली होती आणि ती परत येणार नव्हती. त्यानं आपली हत्यारं फडक्यात गुंडाळली आणि फाटकाकडं निघाला. मेहमुदा त्याच्या मागं.

‘‘नालबंदरी,’’ शिवपुत्रानं हाक मारली. बांधलेल्या पायाकडं बोट दाखवून तो म्हणाला, ‘‘नाळे बर्री.’’

मेहमुदानं तोंड उघडलं, सांगायला. चमननं हातानंच तिला थांबवलं. त्याला कळलं होतं.

‘‘येतो,’’ तो म्हणाला. ‘‘नाले.’’

शिवपुत्रानं मान हलवली. ‘‘नाळे.’’

‘‘नाल्…’’ चमननं जीभ टाळ्याला वळवून बघितली. पण नीट जमेना. ‘‘नाले.’’

मेहमुदा हसली का रडली ते पदरामागं कळलं नाही. तिनं सावकाश म्हणून दाखवलं, आणि चमन त्या बोळातनं घरापर्यंत तोच एक शब्द पुटपुटत गेला. घरी पोचेपर्यंतही ‘ळ’ काही आला नाही. पण पहाटे कोंबडा आरवायच्या आधीच त्यानं पोटिसासाठी कोंडा भिजत घातला.